दुसऱ्याच्या बाटलीवर स्वतःचं नाव

बद्रीनाथ डोईफोडे स्वतःला सरळ माणूस समजत असे. समजायला काही खर्च येत नाही, म्हणून अठ्ठावीस वर्षं त्यानं हा समज जपला.

धायरीत, मोठ्या रस्त्यापासून आत, पत्र्याच्या एका शेडमध्ये तो टर्नर होता. पंपाला लागणारे शाफ्ट आणि फ्लँज तिथे लेथवर कातले जात. शेडचा नियम असा, की ज्यानं जॉब कातला त्यानं त्यावर आपल्या नंबरचा पंच मारायचा. माल परत आला तर शिव्या कुणी खायच्या ते त्यावरून ठरे. एकदा एका टर्नरनं दुसऱ्याच्या चांगल्या जॉबवर आपला पंच मारला. बद्रीनाथनं त्याला सगळ्यांसमोर उभं केलं आणि पुढे महिनाभर त्याच्याशी अबोला धरला. ही गोष्ट तो नव्या माणसांना दर वर्षी सांगायचा. ते ऐकून घेत. चहाची किटली बद्रीनाथच्या ताब्यात असायची, त्यामुळे इलाज नव्हता.

मेहनतीच्या बाबतीत तो काटेकोर होता. दिवसभर उभा राहिलेला माणूस आणि दिवसभर काम केलेला माणूस यांच्यातला फरक त्याला पाठीमागून कळायचा. सदरा खांद्यापाशी भिजला तर काम. नुसता कमरेपाशी भिजला तर उकाडा. स्वतःचा सदरा कुठे भिजतो हे त्यानं कधी पाहिलं नाही. पाठ स्वतःची असली की दिसत नाही, ही सोय आहेच.

नव्या कायद्याची बातमी शेडमध्ये चहाच्या वेळी आली. मालक श्रीधर साहेब कोथरूडहून स्कूटरवर यायचे. त्या दिवशी हेल्मेट काढायच्या आधीच ते बोलू लागले.

"ऐका. नवीन कामगार कायदे लागू झालेत. जुने एकोणतीस होते, ते गुंडाळून चार केलेत. मला एकोणतीस पाळता येत नव्हते, चार जमतील असं सरकारला वाटतंय."

"आमचं काय साहेब त्यात?" बद्रीनाथनं विचारलं.

"तुम्हाला नेमणूकपत्र मिळणार."

"नेमणूक होऊन अठ्ठावीस वर्षं झाली की."

"मग आता पत्र. अहो, सरकारी काम आहे, वेळ लागतो." साहेबांनी हेल्मेट काढलं. "आणि चाळिशीच्या पुढे गेलेल्या प्रत्येकाची वर्षातून एकदा तपासणी. खर्च माझा."

"कसली तपासणी?"

"तुमची. मशीनची आपण करतो. माणसांची राहिली होती."

सगळे हसले. बद्रीनाथही हसला, पण जरा उशिरा.

नेमणूकपत्र आलं. त्यात पदाच्या पुढे 'टर्नर' असं छापलं होतं. आजवर हे सगळ्यांना माहीत होतं, पण लिहिलेलं कुठेच नव्हतं. बायको मुक्ता ते पत्र वडगावच्या चौकातून लॅमिनेट करून आली आणि तिनं ते देवघराच्या वरच्या खिळ्याला अडकवलं. बद्रीनाथ म्हणाला, "कशाला एवढं?" आणि येता जाता वाचत राहिला.

पत्राचा आनंद तपासणीच्या धास्तीनं खाल्ला. आपल्याला साखर झाली आहे अशी बद्रीनाथची खात्री होती. हा निदानाचा सगळा उद्योग त्यानं स्वतः केला होता. तहान फार लागायची. शेडमागच्या मोरीत सारखं जावं लागायचं. अंगठ्याला पत्र्याचं कापलेलं लवकर भरलं नव्हतं. तिकडे भोकरदनच्या बाजूला, त्याच्या गावात, साखर कशी ओळखत तेही त्याला ठाऊक होतं. म्हाताऱ्यांनी जिथे लघवी केली तिथे मुंग्या लागल्या की समजायचं. मोरीत मुंग्या होत्या. त्या तिथेच विसळलेल्या गुळाच्या चहाच्या पातेल्यासाठी येत असतील, हा विचार त्याच्या डोक्यात आला नाही. भीती वाटायला लागली की माणूस पुरावे नीट तपासत नाही.

साखरेचं भय त्याला तितकं नव्हतं. भय हलक्या कामाचं होतं. शेजारच्या शेडमधल्या धोंडिबाला छातीत दुखलं तेव्हा मालकानं त्याला प्रेसवरून काढून नट मोजायला बसवलं. प्लास्टिकच्या खुर्चीवर. धोंडिबा आता उठून बोलायलाही येत नसे, बसल्या जागी हात करायचा. कागदावर 'टर्नर' लिहून आठ दिवस झाले नाहीत तोवर आपल्यालाही खुर्ची मिळणार, हे बद्रीनाथला दिसू लागलं. कायद्यात खुर्चीचं काही नव्हतं. पण कायदा त्यानं वाचला नव्हता, धोंडिबाला पाहिलं होतं.

मुक्ता म्हणाली, "आधीच दवाखान्यात दाखवून या ना."

"दाखवलं तर सापडेल."

"सापडायसाठीच दाखवतात अहो."

"तुला शेडमधलं कळत नाही," बद्रीनाथ म्हणाला. उत्तर नसलं की तो हे म्हणायचा.

शेडमधलं म्हणजे असं होतं. पंप कंपनीचा तपासनीस यायचा असला की त्याच्यापुढे पहिला जॉब ठेवायचा, तो सगळ्यांत चांगला. बाकीचे बाकाखाली. तपासनीस तो मोजायचा, मान डोलवायचा, चहा प्यायचा, जायचा. यात कुणाला लबाडी वाटत नसे. बाकाखालचेही नंतर दुरुस्त करूनच पाठवत. अठ्ठावीस वर्षांच्या या सवयीतून बद्रीनाथला मार्ग दिसला. डॉक्टरसमोर चांगला जॉब ठेवायचा.

शेडमधला सगळ्यांत चांगला जॉब म्हणजे सुदर्शन. वय चौतीस. लोणी काळभोरहून रोज मोटरसायकलवर यायचा, त्याआधी पहाटे व्यायाम करायचा. ओतीव फ्लँज उचलून लेथच्या चकमध्ये, म्हणजे जॉब पकडणाऱ्या जबड्यात, धरायचं काम त्याचं. दोघांनी उचलायचं वजन तो एकटा उचलायचा आणि वर गाणं म्हणायचा. चाळिशी लांब असल्यानं त्याची तपासणी नव्हती.

बद्रीनाथनं त्याला मोरीजवळ गाठलं आणि काय हवं ते सांगितलं. सांगताना तो भिंतीकडे बघत होता.

सुदर्शनला आधी कळेना. मग तो इतका हसला की त्याला पत्र्याला टेकावं लागलं. "एवढंच ना काका? घ्या की. एक नंबर माल हाय."

"हळू बोल."

"उद्या सकाळी ताजा देतो. तुमच्या नावावर माझी बॉडी जाईल. डॉक्टरीण म्हणंल, बद्रीनाथ पैलवान कोण हाय?"

दुसऱ्या दिवशी शेडच्या दारात तपासणीची गाडी उभी राहिली. डॉक्टर श्यामला म्हणून पन्नाशीच्या बाई होत्या, सोबत एक मदतनीस. नाव लिहिलेल्या छोट्या बाटल्या वाटल्या गेल्या. पुढचा सगळा प्रकार बद्रीनाथला कामापेक्षा जड गेला. बाटली घेऊन मोरीत जायचं, आत आधीच थांबलेल्या सुदर्शनकडे द्यायची, परत घ्यायची, झाकण घट्ट लावायचं, बाहेर येताना चेहरा रिकामा ठेवायचा. अर्धा टन लोखंड कातताना त्याला जेवढा घाम आला नव्हता तेवढा या बाटलीनं आणला. सदरा खांद्यापाशी भिजला. म्हणजे त्याच्याच मापानं हे काम भरलं.

बाटलीत ताकावर असतो तसा फेस होता. बद्रीनाथनं तो कौतुकानं पाहिला. तरुण माणसाचा जोर, असं त्याला वाटलं.

मग मदतनिसानं दंडाला पट्टा बांधून रक्त काढलं. बद्रीनाथनं निर्धास्तपणे हात पुढे केला. साखर लघवीत असते, मुंग्या काही रक्ताला लागत नाहीत. रक्तगट बघायला घेत असतील. एवढ्या ज्ञानावर तो दुपारभर शिट्टी वाजवत काम करत होता.

आठवड्यानं डॉक्टर श्यामला पुन्हा आल्या आणि साहेबांच्या पार्टिशनच्या खोलीत एकेकाला बोलावू लागल्या. साहेब त्या वेळी बँकेत गेले होते. बद्रीनाथ आत गेला, खुर्चीकडे पाहिलं आणि उभाच राहिला.

"बसा ना."

"नको, बरा आहे."

"तुमची रक्तातली साखर अगदी छान आहे."

बद्रीनाथ बसला.

"रक्तात साखर कळते?" त्यानं विचारलं.

"तिथेच कळते. चहा किती पिता?"

"किटली माझ्याकडे असते."

"मग कमी करा. सारखं जावं लागत असेल." त्यांनी कागद उलटला आणि चष्मा सावरला. "पण लघवी चांगली नाही. प्रोटीन फार जातंय, थोडं रक्तही आहे. हे किडनीकडून असतं. आणि तुमचं रक्त म्हणतंय किडनी ठीक आहे. मला जरा मेळ बसत नाहीये. लघवीला फेस येतो का?"

बद्रीनाथला ताक आठवलं.

"दुखण्याच्या गोळ्या घेता का रोज? कंबर, पाठ? ओझं उचलणारी माणसं घेतात."

"मी नाही घेत," बद्रीनाथ म्हणाला. 'मी'वर जरा जोर पडला.

"उद्या सकाळी परत नमुना द्या. मी येते. हयगय करू नका. किडनी तक्रार करत नाही. ती करायला लागते तेव्हा माणूस डायलिसिसच्या मशीनवर असतो, आणि ते मशीन तुमच्या लेथसारखं कातायचं नसतं."

बद्रीनाथ बाहेर आला. समोर सुदर्शन एक फ्लँज छातीशी धरून चकपर्यंत नेत होता. तो खाली ठेवून त्यानं खिशातून गोळी काढली आणि पाण्याशिवाय गिळली. हे बद्रीनाथनं वर्षभर पाहिलं होतं. पाहून तो नव्या लोकांना म्हणायचा, बघा, दुखतंय तरी काम सोडत नाही. हीच तर मेहनत.

साखर नाही, खुर्ची नाही, हे त्याला कळून पाच मिनिटं झाली होती. आनंद करायला तेवढीच मिळाली.

चहाला त्यानं सुदर्शनला बाजूला घेतलं आणि डॉक्टर बोलल्या ते सगळं सांगितलं.

"हॅ," सुदर्शन म्हणाला. "बाटल्या बदलल्या असतील त्यांनी."

"बदलली ती आपण."

"मग आणखी कुणी बदलली आसंल. काका, मला काय झालंय? बघा की माझ्याकडं."

"उद्या त्या येणार आहेत. तूही दे."

"मी कशाला? कायदा चाळिशीवाल्यांना हाय. मी गेलो तर साहेब म्हणणार, हा कच्चा निघाला. मला उचलायचं काम गेलं तर येतं काय दुसरं? तुम्ही लेथ शिकवलात का मला?"

शिकवला नव्हता. सुदर्शननं दोनदा विचारलं होतं. बद्रीनाथनं सांगितलं होतं, आधी खांदे तयार होऊ दे.

"हे बघा," सुदर्शन आवाज उतरवून म्हणाला, "उद्या तुम्ही तुमची स्वतःची द्या. चोख निघंल. विषय संपला. मी कुणाला बोलत नाही, तुम्ही बोलू नका."

बद्रीनाथला यात कुठेच खोट सापडेना. नमुना चोख निघणार, डॉक्टर म्हणणार आधी चूक झाली असेल, साहेबांना काही कळणार नाही, पत्र खिळ्यावर राहणार. फक्त सुदर्शन आतून कुजत राहणार, गाणं म्हणत. आणि ते शेडमध्ये एकट्या बद्रीनाथला माहीत असणार.

घरी तो जेवेना. मुक्तानं ताट सरकवलं तसं त्यानं सांगून टाकलं. तिनं सगळं ऐकलं, मग पदर तोंडाला लावला. ती रडते आहे असं त्याला वाटलं. ती हसत होती.

"जगात मागायसारखं तुम्हाला हेच सापडलं? साखर मागून आणतात, पीठ मागून आणतात. हे पहिल्यांदा ऐकू लागले मी."

"झालं हसून?"

"थांबा जरा." तिनं आणखी हसून घेतलं. मग पदर काढला. "त्याची पोरगी केवढी आहे?"

"ओवी? बालवाडीत जाते."

"मग उद्या बोलणार ना?"

"तो नको म्हणतो."

"तो नको म्हणतो म्हणून की तुमची लाज जाईल म्हणून?"

बद्रीनाथला शेडमधलं तुला कळत नाही असं म्हणायचं होतं. त्यानं तोंड उघडलं आणि त्यात भाकरी घातली.

सकाळी डॉक्टर श्यामला पार्टिशनमध्ये बसल्या होत्या आणि साहेब बिलं बघत होते. बद्रीनाथ रिकामी बाटली हातात घेऊन आत गेला. रात्रभर त्यानं चार वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही वेळेवर आलं नाही.

"ती माझी नव्हती," तो म्हणाला.

"काय?" डॉक्टर म्हणाल्या.

"लघवी. सुदर्शनची होती. मला खुर्ची नको होती."

साहेबांनी बिलं खाली ठेवली. "परत सांगा. सावकाश. मी सत्तरीला आलोय, मला एवढं एकदम झेपत नाही."

बद्रीनाथनं परत सांगितलं. मुंग्यांसकट. डॉक्टर कागदाकडे बघत राहिल्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

"अहो बद्रीनाथ," साहेब म्हणाले, "याच शेडमध्ये पंचावरून तुम्ही माणसाला महिनाभर वाळीत टाकलं होतंत. तो तर नुसता फ्लँज होता."

"हो साहेब."

"आणि नेलंत कुणाचं, तर जो बिघडलेला त्याचंच. तुमची नजर आहे हो. अख्ख्या शेडमध्ये एकच रिजेक्ट माल, तो तुम्ही बरोबर पहिला जॉब म्हणून पुढे ठेवलात."

"साहेब, काय शिक्षा द्यायची ती द्या. पण त्याला तपासा. तो चाळिशीच्या आतला आहे, कायद्यात बसत नाही."

साहेबांचा चेहरा बदलला. ते उठले. "कायद्यात चाळिशीच्या पुढच्यांना तपासा असं लिहिलंय. अलीकडच्यांना तपासू नका असं लिहिलेलं नाही. मी वाचलंय तेवढं. बोलवा त्याला."

सुदर्शन आला. टेबलावरच्या बाटल्या पाहून त्याला सगळं समजलं. तो बद्रीनाथकडे वळला.

"बोललात."

"बोललो."

"काका, तुमच्यासाठी मी दिली. हसत दिली. आणि तुम्ही मला धरून दिलं?"

डॉक्टर श्यामला मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी सुदर्शनला शेजारी बसवलं, गोळ्यांचं पाकीट मागून घेतलं, कधीपासून घेतो, दिवसाला किती, विचारत गेल्या. सुदर्शन आधी दोन म्हणाला. मग चार. मग कधी कधी सहा. साहेबांनी त्याच्या बायकोला, भाग्यश्रीला, फोन लावून दिला. पलीकडून ती म्हणाली, "डॉक्टर, त्याचे पाय सुजतात. मी सांगते तर म्हणतो बूट घट्ट हाय." सुदर्शन बाटली घेऊन एकटाच मोरीकडे गेला. या वेळी मदतनीस दाराशी उभा राहिला, आणि त्याच्यानंतर बद्रीनाथसाठीही. चौपन्नाव्या वर्षी लघवीला पहारा लागावा, एवढं बद्रीनाथनं स्वतःसाठी कमावलं होतं.

पुढे मोठ्या दवाखान्यात आणखी तपासण्या झाल्या. किडनीला सूज होती. डॉक्टर म्हणाल्या, वेळेत कळलं, औषधानं आवरेल असं वाटतं, पण वाटतं एवढंच आज सांगता येईल. गोळ्या बंद. व्यायामाच्या पावडरी बंद. वजन उचलणं बंद.

सुदर्शन दोन आठवड्यांनी कामावर आला तेव्हा चेहऱ्यानं उतरलेला होता. तो बद्रीनाथशी बोलला नाही. बद्रीनाथनं किटली पुढे केली तर त्यानं दुसऱ्याकडून पाणी घेतलं. अबोला कसा वाटतो, हे बद्रीनाथला आता दुसऱ्या बाजूनं कळत होतं.

त्याच दिवशी साहेबांनी दोघांना लेथपाशी उभं केलं.

"सुदर्शनला उचलायचं नाही. त्याला लेथ शिकवायचा. लहान शाफ्टपासून. शिकवणार तुम्ही, बद्रीनाथ."

"शिकवतो साहेब."

"आणि फ्लँज उचलायला माणूस नाही."

"नवीन बघा एखादा."

"कशाला? डॉक्टरांनी या वेळी तुमचा खरा अहवाल दिलाय. साखर नाही, दाब नाही, हृदय उत्तम. कुठल्याही कामाला योग्य, असं लिहिलंय. वजन उचलायला साखळीचा चेन ब्लॉक मागवलाय, तो येईपर्यंत तुम्ही. एकट्यानं नाही, बरोबर एक जण देतो. आता कायदे पाळतो ना आपण."

म्हणून मग लेथसमोर सुदर्शन उभा राहिला आणि बद्रीनाथ वाकला. समोरून दुसऱ्यानं धरलं होतं, तरी फ्लँज जागचा हलेपर्यंत बद्रीनाथच्या कानात वाफ आली. हे वजन एकटा माणूस गाणं म्हणत उचलायचा, आणि आपण किटलीपाशी बसून त्यावर प्रवचन द्यायचो. जॉब चकपर्यंत गेला, तिरका लागला, परत खाली आला.

सुदर्शन हात मागे बांधून बघत होता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं तोंड उघडलं.

"काका, कमरेतून नका उचलू. गुडघे वाकवा."

बद्रीनाथनं गुडघे वाकवले.

"आणखी. हां. आता श्वास धरा आणि उठा. आन् दुखलं तर सांगायचं. गोळी मागायची नाही."

"बरं," बद्रीनाथ म्हणाला आणि उठला.